लोट्याच्या कारखान्यातून नव्या औषधाच्या संशोधनाकडे : मेडिसिनल केमिस्ट होऊ पाहणाऱ्यांसाठी

चिपळूणहून मुंबईच्या दिशेने निघून परशुराम घाट चढून गेले की लोट्याची औद्योगिक वसाहत लागते. रत्नागिरी जिल्ह्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या पुष्कळ मुलामुलींची पहिली नोकरी येथे लागते, आणि रायगडातल्यांची महाड किंवा रोह्याला. क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) किंवा प्रॉडक्शनमध्ये दोन-तीन वर्षे काढल्यावर त्यांतील काहींच्या मनात येते, की आपण हा जो माल बनवतो त्याचा रेणू मुळात कोणी शोधला असेल, आणि ते काम आपल्याला करता येईल का? प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे, आणि अजून महाविद्यालयात असलेल्या त्यांच्या धाकट्या भावंडांसाठीही. मी स्वतः अशाच एका कारखान्यात तीन वर्षे काढून पुढे या क्षेत्रात आलो. गावात अजूनही ‘केमिस्ट आहे’ असे सांगितले की लोक दुकान कुठे टाकले आहे ते विचारतात, त्यामुळे कामाच्या स्वरूपापासूनच सुरुवात करणे बरे.

कारखान्यातील केमिस्ट एकच ठरलेला पदार्थ, ठरलेल्या शुद्धतेचा, टनांच्या हिशेबाने काढतो. बॅच मागच्या बॅचसारखी निघाली की त्याचे काम फत्ते झाले. मेडिसिनल केमिस्ट मात्र यापूर्वी जगात कोणी न बनवलेला पदार्थ वीस-तीस मिलिग्रॅम बनवतो, तो जीवशास्त्र विभागाकडे चाचणीला पाठवतो आणि आलेल्या आकड्यांवरून पुढचा पदार्थ कोणता बनवायचा ते ठरवतो. असे शेकडो, प्रसंगी हजारो पदार्थ बनवल्यावर एखादा माणसावरील चाचण्यांपर्यंत पोहोचतो. पदार्थ बनवण्याचे कौशल्य यात अटळच आहे, पण या माणसाला पगार मिळतो तो मुख्यतः ‘पुढचा कोणता, आणि तोच का’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी. पुढे जी तयारी सांगितली आहे ती सगळी याच प्रश्नाभोवती आहे.

नरक्याचे झाड आणि एक कडे

हे काम कसे चालते ते समजून घेण्यासाठी आपल्याच डोंगरातील उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे एक लहानखुरे, उग्र वासाचे झाड असते. त्याचे लाकूड चोरून नेताना वनखात्याने ट्रक पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. या लाकडाला भाव आहे तो त्यातील कॅम्प्टोथेसिन या संयुगामुळे. हे संयुग प्रथम १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे काढले. यांपैकी वाणी हे मूळचे नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी होते. पुढे १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हेच संयुग आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले.

कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशी मारत होते, पण पाण्यात जवळजवळ विरघळत नव्हते, आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देता येत नाही. म्हणून त्याचे सोडियम क्षार बनवून १९७० च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या झाल्या. क्षार बनवताना रेणूतील लॅक्टोनचे (एस्टरच्या बंधाने जुळलेले) कडे उघडते आणि पदार्थ पाण्यात सहज जातो. मात्र औषधाचा गुण होता तो बंद कड्यात. उघडलेला रेणू रक्तात दुबळा ठरला, आणि मूत्राच्या आम्लतेत तेच कडे पुन्हा बंद झाल्यामुळे मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागली. चाचण्या थांबल्या आणि संयुग बाजूला पडले.

ते पुन्हा पटलावर आले १९८५ नंतर. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकरावर कॅम्प्टोथेसिन काम करते असे तेव्हा स्पष्ट झाले, आणि त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांना नेमका प्रश्न मांडता आला : रेणूचा कोणता भाग विकराला चिकटण्यासाठी अत्यावश्यक आहे, आणि कोणत्या जागी बदल केला तर बिघडत नाही? लॅक्टोनला हात लावायचा नाही हे ठरले. दुसऱ्या टोकाच्या कड्यावर जागा मोकळी होती. तेथे संशोधकांच्या एका चमूने अमाइन असलेली छोटी साखळी लावली. ती आम्लधर्मी द्रावणात धनभारित होते, त्यामुळे लॅक्टोन न उघडताच रेणू पाण्यात विरघळतो. हे टोपोटेकान. जपानमधील संशोधकांनी त्याच बाजूला एक मोठा, पाण्यात विरघळणारा गट असा जोडला की शरीरातील विकर तो कापून टाकेल आणि खरा जहाल रेणू आत मोकळा होईल. हे इरिनोटेकान. जपानमध्ये इरिनोटेकान १९९४ साली मंजूर झाले, आणि अमेरिकेत १९९६ मध्ये दोन्ही औषधांना परवानगी मिळाली.

अर्क काढणाऱ्याचे काम १९६६ लाच झाले होते. त्या संयुगाचे औषध होण्यास पुढची तीस वर्षे लागली, आणि त्या काळातील रेणूवरची कारागिरी म्हणजेच मेडिसिनल केमिस्ट्री. आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ‘कोकमाचा अर्क अमुक रोगावर’ अशा धर्तीचे विषय फार दिसतात म्हणून हे मुद्दाम विस्ताराने सांगितले. असा प्रकल्प करण्यास हरकत नाही. पण अर्कातील कोणते संयुग, किती मात्रेला, कशावर काम करते, आणि त्यात काय बदलले तर ते सुधारेल, इथपर्यंत विचार गेला नाही, तर तो प्रकल्प या क्षेत्राच्या उपयोगाचा नाही.

घरातील औषधांचा डबा

या विचाराची सवय लावण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घरातील औषधांचा डबा उघडावा. आजीची रक्तदाबाची गोळी, वडिलांची मधुमेहाची, पावसाळ्यातील सर्दीची, पित्ताची, अशा दहा-बारा पट्ट्या त्यात सहज निघतात. दर आठवड्याला एक गोळी घ्यावी, पट्टीवरील मूळ औषधाचे नाव पाहावे, पबकेम या मोफत संकेतस्थळावर तिची संरचना शोधावी आणि ती वहीत हाताने काढावी. संगणकावरून छापून चिकटवलेली संरचना डोक्यात राहत नाही. मग त्यातील आम्लगट, अमाइन आणि सपाट कडी वेगवेगळ्या खुणांनी दाखवावीत, रक्ताच्या ७.४ या सामूला रेणूवर कोणता भार असेल ते लिहावे, आणि शेवटी प्रत्येक गट तेथे कशासाठी आहे याचा आपल्या बुद्धीने अंदाज करावा. त्यानंतरच पुस्तक उघडावे.

सर्दीची सेटिरिझिन घ्या. ती हायड्रॉक्सिझिन या जुन्या, खूप झोप आणणाऱ्या औषधाची भावंड आहे. शरीरात हायड्रॉक्सिझिनचे ऑक्सिडीकरण होऊन जे बनते तेच हे औषध. फरक एवढाच, की अल्कोहोलच्या जागी कार्बोक्सिलिक आम्लगट आला. त्याच्या भारामुळे रेणू मेंदूत कमी शिरतो आणि झोप कमी येते. शेजारची पट्टी फेक्सोफेनाडिनची असेल तर तिची कथा याहून गंभीर आहे. तिचा पूर्वज टर्फेनाडिन हे एके काळी जगभर खपणारे औषध होते, पण बुरशीच्या संसर्गावरील काही औषधे किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांच्याबरोबर घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण वाढे, हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचा मार्ग अडे आणि ठोका बिघडून माणसे दगावत. अमेरिकेतून ते १९९८ साली मागे घेण्यात आले. टर्फेनाडिनपासून शरीरातच जे फेक्सोफेनाडिन बनत होते ते मात्र तो मार्ग अडवत नव्हते, कारण येथेही आलेला तोच आम्लगट. तेव्हापासून कोणत्याही नव्या संयुगाची हर्ग नावाच्या या मार्गावर लवकर चाचणी घेतात. नोकरीच्या मुलाखतीत हर्गवर प्रश्न आला आणि उमेदवाराने सर्दीच्या गोळीची ही हकीकत सांगितली, तर समोरचा माणूस कान टवकारतो.

कोलेस्टेरॉलची इझेटिमाइब मिळाली तर तिच्यातील दोन फ्लोरिन अणूंकडे पाहावे. मूळ रेणू शरीरात ज्या ठिकाणी मोडत होता त्यांतील काही जागा फ्लोरिनने बंद केल्या आहेत. पँटोप्रॅझोल आणि एनालाप्रिल या गोळ्यांमध्ये शरीरात गेल्यावर खरे औषध कसे तयार होते, ते मात्र ज्याचे त्याने शोधावे.

या अभ्यासात लिपिन्स्कीचा १९९७ सालचा ‘पाचाचा नियम’ लवकरच भेटेल : रेणुभार ५०० पर्यंत, मेदस्नेहाचा लॉग-पी हा आकडा ५ पर्यंत, हायड्रोजन-बंध देणारे गट ५ आणि घेणारे अणू १० पर्यंत असले, तर तोंडावाटे घेतलेले औषध शोषले जाण्याची शक्यता चांगली. विद्यार्थी हा नियम पाठ करतात आणि कायद्यासारखा वापरतात. तो ठोकताळा आहे. ५५८ रेणुभाराचे अ‍ॅटोर्वास्टॅटिन घराघरांत गोळीच्या रूपाने घेतले जाते.

हाताची तयारी

विचार कितीही चांगला असला तरी पहिली पाच वर्षे माणसाची किंमत त्याच्या हातावर ठरते. टीएलसी (पातळ थरावर मिश्रणातील घटकांचे डाग वेगळे करून पाहणे) स्वच्छ काढता येणे, कॉलम चालवून दोन जवळचे डाग वेगळे करता येणे, रेणूची रचना सांगणाऱ्या एनएमआर चाचणीचा आलेख पाहून ‘हे अपेक्षित संयुग नाही’ हे पाच मिनिटांत ओळखता येणे, या तीन गोष्टी पक्क्या हव्यात. यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला उपकरण लागत नाही. पुस्तकातील न सोडवलेले आलेख घेऊन बसावे लागते.

कोकणातील महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना एक अडचण अशी आहे, की जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की पाण्याचा अंशही न चालणारी ग्रिन्यार विक्रिया सुरूच होत नाही. मी शिकत असताना निर्जल कॅल्शियम क्लोराइडची बाटली कोणीतरी शनिवारी उघडी ठेवली, आणि सोमवारी तिच्यात पाक झाला होता. या अडचणीची तक्रार करण्यापेक्षा तिच्याकडून शिकून घ्यावे. काच ओव्हनमध्ये तापवून गरम असतानाच जोडणे, विद्रावक मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या खड्यांवर) ठेवणे, नायट्रोजनचा फुगा लावणे, आणि ‘कोरडे’ या शब्दावर विश्वास न ठेवता ते पारखून घेणे, हे ज्याने जुलै महिन्यात रत्नागिरीत शिकून घेतले, त्याला हैदराबादच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत काहीच जड जात नाही.

वाचनासाठी केम्बल या मोफत माहितीसंग्रहात संयुगे आणि त्यांचे चाचणीचे आकडे मिळतात, आणि प्रोटीन डेटा बँकेत प्रथिनांच्या त्रिमित संरचना. शासकीय संस्थेत शिकत असाल तर २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके पाहता येतात. ग्रंथपालांना जाऊन विचारावे. थोडी पायथन भाषा शिकून रेणूंच्या संरचना हाताळणारे आरडीकिट हे मोफत साधन वापरता आले तर फारच उत्तम.

पदव्या आणि परीक्षा

बी.एस्सी. रसायनशास्त्र किंवा बी.फार्म. यांपैकी कोठूनही येता येते. पुढे आयआयटीतील एम.एस्सी.साठी जॅम, एम.फार्म.साठी जीपॅट आणि पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षा आहेत. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे, अशी आहे. घरून पैसे मागवायची वेळ येत नाही हे आईवडिलांना आवर्जून सांगावे. आपल्याला जवळच्या चांगल्या जागा म्हणजे माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुण्याचीच आयसर. फार्मसीवाल्यांनी मोहालीच्या नायपरचा विचार करावा.

माझ्या मते, ज्याला संश्लेषणाची आवड आहे त्याने सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावी, कारण शोधप्रयोगशाळांत भरती करणारे प्रथम हात पाहतात. फार्मसीचा विद्यार्थी औषधशास्त्रात पुढे असतो, पण त्याने केलेल्या विक्रियांची संख्या बहुधा कमी असते. दोघांनीही एकमेकांची उणीव भरून काढावी. पीएच.डी. नसलेल्यांनी खचून जाऊ नये. ल्युकेमियावरील औषधे शोधून १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळवलेल्या गर्ट्रूड एलियन यांनी पीएच.डी. पूर्ण केलेली नव्हती. मात्र आजच्या भारतात ‘सायंटिस्ट’ या पदावर थेट नेमणूक हवी असेल तर पीएच.डी. लागते, आणि एम.एस्सी.वर आलेल्यास त्या पायरीपर्यंत पोहोचण्यास पुष्कळ अधिक वर्षे लागतात.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नये. त्यांचे मागील पाच विद्यार्थी आज कोठे आहेत आणि प्रत्येकाला किती वर्षे लागली, एवढे त्याच प्रयोगशाळेतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाच्या टपरीवर विचारावे.

आधीच लोट्यात असाल तर

कारखान्यातील वर्षे वाया गेली असे समजू नये. एचपीएलसी या मिश्रण वेगळे करणाऱ्या यंत्रावर अशुद्धी ओळखणे, विक्रिया तापते तेव्हा काय होते याचे भान, शंभर ग्रॅमला चालणारी गोष्ट शंभर किलोला का चालत नाही याची जाण, हे महाविद्यालयातून थेट आलेल्याकडे नसते. पण एक सवय मोडावी लागते. कारखान्यात लिहून दिलेल्या पद्धतीबाहेर जाणे हा दोष असतो. येथे दिलेल्या पद्धतीने चार तासांत विक्रिया झाली नाही तर पाचव्या तासाला काय बदलायचे ते तुम्हीच ठरवायचे असते.

पहिली खटपट त्याच कंपनीच्या आर अँड डी विभागात जाण्याची करावी, मग पगार तोच राहिला तरी चालेल. तेथे चार-पाच पायऱ्यांचे संश्लेषण स्वतः करण्याची संधी मिळते. त्यानंतर बेंगळुरू, हैदराबाद आणि पुणे येथील कंत्राटी संशोधन कंपन्यांकडे अर्ज करता येतात. हा बदल पहिल्या तीन वर्षांत करावा. पुढे लग्न, घराचे कर्ज आणि शिफ्टचा भत्ता यांतून पाय निघत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारचे दोन तास नेटच्या अभ्यासाला मिळतात, आणि मला तरी ते दिवसपाळीपेक्षा अधिक उपयोगी पडले.

कोकणातच राहून हे काम करता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कारखाने आहेत, नवे रेणू शोधणाऱ्या प्रयोगशाळा नाहीत. रायगड आणि ठाण्याच्या बाजूला, नवी मुंबईत, काही संशोधन केंद्रे आहेत, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. एवढ्यावर समाधान असेल तर ठीक, नाही तर गणपतीला चाकरमान्यासारखे घरी यायची तयारी ठेवावी.

मुलाखत आणि पहिली वर्षे

मुलाखतीत बहुधा तुम्ही स्वतः केलेली एक विक्रिया फळ्यावर काढायला सांगतात आणि मग तासभर तिच्यावरच खणत राहतात. हाच विद्रावक का, तापमान शून्यावर का आणले, उपपदार्थ कोणता, तो कसा ओळखला? म्हणून दहा विक्रिया वरवर सांगण्यापेक्षा तीन विक्रिया तळापर्यंत माहीत असाव्यात, आणि त्यांतील एक फसलेली असावी. ती का फसली आणि नंतर काय केले हे ज्याला सांगता येते, त्याची निवड होण्याचा संभव मोठा.

कंत्राटी कंपनीत गेल्यावर सुरुवातीला निराशा होते. परदेशी ग्राहकाकडून संयुगांची यादी येते, औषधाने ज्यावर काम करायचे त्या प्रथिनाचे नाव सांकेतिक असते, आणि तुम्ही बनवलेल्या संयुगाचे पुढे काय झाले ते पुष्कळदा कळत नाही. तरीही यादीतील संयुगे ओळीने मांडून पाहावीत. एका जागी मिथिल, मग क्लोरिन, मग सायनो असे बदल होत असतील, तर ग्राहक प्रथिनाच्या त्या कोपऱ्यात किती जागा आहे आणि तेथे कोणता भार चालतो हे चाचपडत आहे, असे समजावे. पुढच्या यादीत काय येईल याचा अंदाज पेन्सिलीने आपल्या कार्यालयीन वहीतच लिहून ठेवावा, बाहेर नेऊ नये, कारण गोपनीयतेचा करार असतो. वर्षभरात अंदाज बरोबर येऊ लागले, की वरिष्ठांकडे संरचना-गुणधर्म संबंधांच्या बैठकीत बसू देण्याची विनंती करावी. मला ही परवानगी तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाली.

बैठकीत जीवशास्त्रज्ञांचे आकडे कसे वाचायचे ते शिकावे. आयसी-५० (प्रथिनाचे काम निम्म्यावर आणायला लागणारी मात्रा) हा आकडा २० नॅनोमोलरवरून ३५ झाला म्हणून नवशिका कष्टी होतो, पण चाचणीतील चढउतारच दुप्पट-तिप्पट असू शकतात, तेव्हा या फरकाला अर्थ नसतो. उलट यकृताच्या मायक्रोसोममध्ये (औषधे मोडणारी विकरे असलेल्या यकृतपेशींच्या अंशात) संयुग पाच मिनिटांत संपते की पन्नास, याकडे तो पाहत नाही, आणि बहुतेक मालिका तेथेच बुडतात.

पेटंटवर नाव येणे हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्यावरून मने दुखावतात. अमेरिकी कायद्याप्रमाणे ज्याने शोधाच्या कल्पनेत भर घातली तोच शोधकर्ता ठरतो. दुसऱ्याने आखलेले संयुग निव्वळ बनवून दिल्याने हा हक्क मिळत नाही, मग त्यासाठी सहा महिने रात्री जागवल्या असल्या तरीही. यासाठी प्रयोगवहीत विक्रिया लिहिण्यापूर्वी वरच्या चार ओळींत हे संयुग कोणी सुचवले, कशावरून सुचले आणि त्यातून काय कळेल अशी अपेक्षा आहे, ते तारखेसह लिहावे आणि त्याच दिवशी सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यावी. वही संगणकावर असली तरी हेच करावे, आणि सुचवणारे तुम्ही असाल तर स्वतःचे नाव लिहिताना संकोच करू नये.